फॉर्मवर ‘आमचं बरं चाललंय’ असं लिहू नका

मागच्या हिवाळ्यात लंडनच्या हॅरो भागातल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांचा अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे म्हातारपणी रोजच्या गोष्टींत मदत लागणाऱ्यांना ब्रिटिश सरकार देतं त्या भत्त्याचा, फॉर्म भरत होते. काकू एक्क्याऐंशी वर्षांच्या. संधिवाताने गुडघे धरलेले, खांदेही धरलेले. प्रश्न आला, ‘कपडे घालायला मदत लागते का?’ काकू लगेच म्हणाल्या, “छे, माझं मी करते सगळं.” मी ‘नाही’वर खूण केली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काका म्हणाले, “मग रोज सकाळी कपड्यांचे हुक कोण लावतं?” काकू हसल्या. “अहो, ती काय मदत झाली?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. निऱ्या करायला खाली वाकता येत नाही म्हणून दिवाळीपासून साडी नेसलेली नाही. आंघोळीला स्टूल लागतं, आणि काका दाराबाहेर उभे असतात, कारण दोनदा पाय घसरला आहे. रात्री दोन वेळा उठायचं तर काकांना हाक मारावी लागते. हे सगळं चार वर्षं चाललं होतं आणि चार वर्षं या घरात एक पौंडही मागितला गेला नव्हता. का, तर “आमचं बरं चाललंय.”

मी इथल्या मराठी घरांमध्ये बरेच फॉर्म भरले आहेत, आणि माझी खात्री झाली आहे की आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. आपण संसाराचं रडगाणं परक्यापुढे गात नाही, सरकारपुढे हात पसरणं तर फारच लाजिरवाणं वाटतं. पण इथली व्यवस्था तोंड उघडल्याशिवाय काही देत नाही. पेन्शनसुद्धा आपोआप सुरू होत नाही, ती मागावी लागते. म्हणून ही व्यवस्था चालते कशी, ते नीट सांगायचा हा प्रयत्न. यातले दर आणि कमाईच्या मर्यादा एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या आहेत. ते दर एप्रिलला थोडे बदलतात, नियमांची चौकट सहसा तीच राहते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. इथले भत्ते तीन वेगळ्या कारणांसाठी मिळतात, आणि बहुतेक गोंधळ हे तिन्ही एकच समजल्याने होतो. पहिला प्रकार तुम्ही भरलेल्या पैशांचा. पगारातून दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, त्याच्या नोंदीवर स्टेट पेन्शन आणि आजारपणातला काही भत्ता अवलंबून असतो. दुसरा प्रकार शरीराच्या गरजेचा. यात बँकेत किती पैसे आहेत, घर किती मोठं आहे, मुलगा डॉक्टर आहे का, हे कोणी विचारत नाही. तुम्हाला रोजच्या जगण्यात किती मदत लागते एवढंच पाहतात. तिसरा प्रकार उत्पन्न आणि शिल्लक कमी असणाऱ्यांसाठी. इथे मात्र सगळा हिशेब द्यावा लागतो.

“आमच्याकडे सेव्हिंग आहे, आम्हाला कोण देणार?” असं लोक म्हणतात तेव्हा ते तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतात, आणि पहिल्या दोन्हींवर पाणी सोडतात. काका-काकूंचं घर स्वतःचं होतं, बँकेत बऱ्यापैकी पैसे होते. अटेंडन्स अलाउन्सला त्याचा काडीचा संबंध नाही.

नोकरी चालू असताना आजारी पडलात तर

पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, तुम्हीच लिहून द्यायचं. त्यापुढे ‘फिट नोट’ लागते. ती फक्त जीपीच (आपले नेहमीचे डॉक्टर) देतात असं नाही. जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनाही ती देता येते. कंपनी आपणहून पूर्ण पगार देत नसेल, तर कायद्याने ठरलेला स्टॅट्युटरी सिक पे मिळतो, आठवड्याला ११८.७५ पौंड, जास्तीत जास्त २८ आठवडे. पूर्वी पहिले तीन दिवस कोरडे जायचे. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमाप्रमाणे तो पहिल्या दिवसापासून मिळतो, आणि अगदी कमी पगार असलेल्यांनाही मिळतो.

अठ्ठावीस आठवडे संपत आले की लोक घाबरतात. त्याच्या आधीच, तीन महिने अगोदरपासून, न्यू स्टाइल ईएसए (एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स) या भत्त्यासाठी अर्ज करता येतो. हा पहिल्या प्रकारातला. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमचा नॅशनल इन्शुरन्स पुरेसा भरलेला असेल तर बायकोचा पगार किंवा बँकेतली शिल्लक आड येत नाही. सुरुवातीला आठवड्याला ९२.०५ पौंड, आणि तपासणीनंतर तुम्ही ‘सपोर्ट ग्रुप’मध्ये, म्हणजे कामाची अपेक्षाच ठेवता येत नाही इतक्या आजारी माणसांच्या गटात, गेलात तर १४०.५५. त्या ग्रुपमध्ये नसलात तर तो एका वर्षाने थांबतो. ज्या घरात नवरा आजारी आणि बायको नोकरी करते, तिथे युनिव्हर्सल क्रेडिट बहुधा नाकारलं जातं आणि मंडळी तिथेच थांबतात. ईएसएचं नाव त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

युनिव्हर्सल क्रेडिट हा तिसऱ्या प्रकारातला मोठा भत्ता. जुने सहा भत्ते एकत्र करून तो केला आहे. नवरा-बायकोचा हिशेब एकत्र होतो. दोघांची मिळून शिल्लक १६,००० पौंडांपेक्षा जास्त असेल तर काहीच मिळत नाही. ६,००० पर्यंतची शिल्लक धरत नाहीत. मधल्या रकमेवर दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कापतात. अर्ज केल्यापासून पहिले पैसे हातात यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी ॲडव्हान्स मिळतो, पण तो पुढच्या हप्त्यांतून परत कापून घेतात.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न: “पुण्यातला फ्लॅट सांगायचा का?” सांगायचाच. तुम्ही राहता ते घर धरत नाहीत, पण भारतातला फ्लॅट, प्लॉट, फिक्स्ड डिपॉझिट, म्युच्युअल फंड हे सगळं शिल्लक म्हणूनच मोजलं जातं. भावाबरोबर सामायिक असेल तर तुमचा हिस्सा. आपल्या कामाची एक सूट मात्र आहे. त्या घरात तुमचे आईवडील किंवा असेच जवळचे नातेवाईक राहत असतील, आणि ते पेन्शनच्या वयाचे किंवा काम करू न शकणारे असतील, तर ते घर हिशेबातून वगळता येतं. हे सल्लागाराला आवर्जून सांगा, कारण तो विचारेलच असं नाही. लपवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. नंतर उघडकीला आलं तर सगळे पैसे परत द्यावे लागतात, वर दंड, कधी खटलाही.

शरीराच्या गरजेचे भत्ते

इथे वयाची एक रेघ आहे. स्टेट पेन्शनच्या वयाआधी अर्ज करत असाल तर पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, ज्याला सगळे ‘पिप’ म्हणतात. त्या वयानंतर पहिल्यांदा अर्ज करत असाल तर अटेंडन्स अलाउन्स. स्कॉटलंडमध्ये यांची नावं आणि कचेरी वेगळी आहे: तिथे अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आणि पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट.

दोन्हींचं मर्म एकच. पैसे आजाराच्या नावावर मिळत नाहीत. ‘पार्किन्सन्स’ किंवा ‘कॅन्सर’ हा शब्द लिहिला म्हणून काही होत नाही. त्या आजारामुळे रोज काय अडतं, ते लिहावं लागतं.

पिपमध्ये बारा गोष्टी तपासतात. दहा रोजच्या जगण्याच्या: स्वयंपाक, खाणं, औषधं, आंघोळ, संडास-लघवी, कपडे, बोलणं, वाचणं, लोकांत मिसळणं, पैशांचे व्यवहार. दोन हिंडण्या-फिरण्याच्या. प्रत्येकीला गुण असतात. एका गटात आठ गुण झाले तर साधा दर, बारा झाले तर वरचा. रोजच्या जगण्याचे आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड, फिरण्याचे २९.२० किंवा ७७.०५. त्रास तीन महिन्यांपासून असावा आणि पुढे निदान नऊ महिने राहील असं दिसावं.

या सगळ्यात एक नियम सोन्यासारखा आहे, आणि तो फॉर्म भरणाऱ्या शंभरातल्या फार थोड्यांना माहीत असतो असं मला दिसतं. एखादी गोष्ट ‘करता येते’ असं धरायचं असेल तर ती चार कसोट्यांवर उतरली पाहिजे. सुरक्षितपणे करता यावी. बऱ्यापैकी नीट करता यावी. लागेल तितक्या वेळा पुन्हा करता यावी. आणि निरोगी माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागू नये. यातली एक जरी कसोटी चुकली तरी ती गोष्ट तुम्हाला ‘करता येत नाही’ असंच धरायचं असतं. म्हणजे दुकानापर्यंत चालत जाता आलं, पण आल्यावर दुपारभर पडून राहावं लागलं, तर ते चालता येणं नव्हे. आणि दिवस बरे-वाईट असतील तर वर्षभरातले निम्म्याहून जास्त दिवस कसे जातात ते पाहायचं.

स्वयंपाकाच्या प्रश्नावर आपल्या बायका हमखास फसतात. “पोळ्या लाटता येतात का?” असं तिथे विचारलेलं नसतं. एका माणसापुरता एक साधा पदार्थ, ताज्या भाजीपासून, कमरेएवढ्या उंचीच्या शेगडीवर करता येतो का, एवढंच विचारलेलं असतं. तेव्हा “पूर्वी चाळीस माणसांचा स्वयंपाक करायचे, आता फक्त आमच्या दोघांचा करते” असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. त्याऐवजी लिहा: कांदा चिरताना सुरी हातातून सुटते, मागच्या महिन्यात बोट कापलं. कुकर उचलता येत नाही, मुलगा कामावरून येईपर्यंत तसाच राहतो. दोनदा गॅस चालू राहिला.

अटेंडन्स अलाउन्समध्ये स्वयंपाक, झाडलोट, बाजार धरत नाहीत. तिथे शरीराशी संबंधित मदत मोजतात: उठणं, बसणं, आंघोळ, कपडे, संडास, जेवण, औषधं, आणि पडू नये किंवा भरकटू नये म्हणून लागणारं लक्ष. फक्त दिवसा किंवा फक्त रात्री मदत लागत असेल तर ७३.९०, दिवस-रात्र दोन्ही वेळ लागत असेल तर ११०.४०. त्रास सहा महिन्यांपासून असावा लागतो. प्रत्यक्षात मदत करणारं कोणी नसलं तरी चालतं, गरज आहे एवढं पुरे. एकटी राहणारी आजी “मला कोण करणार, मीच भिंतीला धरून जाते” म्हणते, तेव्हा तिची गरज संपलेली नसते. तसंच लिहायचं: भिंतीला धरून जाते, मदतीला कोणी नाही, दोनदा पडले.

दोन्हींसाठी आणखी एक अट आहे. गेल्या तीन वर्षांतली दोन वर्षं तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवं. आजार अखेरच्या टप्प्यातला असेल आणि डॉक्टरांना वर्षभराच्या आत मृत्यूची शक्यता वाटत असेल, तर ‘स्पेशल रूल्स’ लागतात. तेव्हा सहा महिन्यांची किंवा दोन वर्षांची वाट पाहावी लागत नाही आणि काम पुढे घेतात. डॉक्टर किंवा नर्स एसआर१ नावाचा फॉर्म देतात. तो मागायला कठीण जातं, हे मला ठाऊक आहे. तरी मागा.

फॉर्म भरण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. किती वाजता उठवलं, किती वेळा हाक मारली, काय सांडलं, कुठे थांबावं लागलं. आणि फॉर्म शक्यतो आजारी माणसाने एकट्याने भरू नये. जो रोज हुक लावतो, तो शेजारी बसलेला असावा.

सांभाळणाऱ्याचं काय?

आपल्यात सासूला सांभाळणाऱ्या सुनेला ‘केअरर’ म्हटलं तर ती दचकते. ती म्हणते, मी केअरर कसली, मी घरचीच आहे. पण इथल्या कायद्याच्या दृष्टीने ती केअररच, आणि तिच्यासाठी वेगळा भत्ता आहे.

याचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यातून पुष्कळ कळतं. १९७६ मध्ये हा भत्ता सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना तो मिळतच नसे. बाई घरीच असणार आणि सांभाळणं हे तिचं कामच, असा हिशेब. जॅकलिन ड्रेक या बाईंनी आजारी आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती. त्यांचं प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये हा भेद संपला. तेव्हा ‘सुनेने केलंच पाहिजे, त्याचे कसले पैसे’ हा विचार काही आपल्याच घरात नव्हता.

२०२५-२६ मध्ये केअरर्स अलाउन्स आठवड्याला ८३.३० पौंड होता. आठवड्यात ३५ तास सांभाळ करायला हवा. आणि ज्याला सांभाळता त्याला अटेंडन्स अलाउन्स किंवा पिपचा रोजच्या जगण्याचा भाग मिळत असायला हवा. म्हणून आधी त्या माणसाचा अर्ज, मग तुमचा. स्कॉटलंडमध्ये याचं नाव केअरर सपोर्ट पेमेंट.

यात एक खड्डा आहे, आणि त्यात पडून हजारो लोक कर्जबाजारी झाले आहेत. तुम्ही नोकरीही करत असाल तर टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनच्या वर्गणीचा निम्मा भाग वजा जाता आठवड्याची कमाई १९६ पौंडांच्या आत राहिली पाहिजे. १९६ च्या वर एक पौंड गेला तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो, थोडाथोडा कमी होत नाही. ओव्हरटाइम, बोनस, एप्रिलमध्ये वाढलेला पगार, यातलं काहीही झालं तरी लगेच कळवा. वर्षानुवर्षं कोणी काही बोललं नाही आणि मग एक दिवस हजारो पौंड परत मागणारं पत्र आलं, अशी इतकी प्रकरणं झाली की सरकारला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. माझ्या ओळखीच्या एका ताईंना असं पत्र आलं होतं. वडिलांचं पथ्यपाणी बघत त्या सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम करायच्या. त्यांनी काहीही लपवलेलं नव्हतं, फक्त नाताळातल्या जादा पाळ्या कळवायच्या राहून गेल्या. ते पत्र त्यांनी मला दाखवलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता.

दुसरा खड्डा मुलांनी लक्षात ठेवायचा. आई एकटी राहते, तिला अटेंडन्स अलाउन्स मिळतो, आणि पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी पेन्शन असलेल्यांना मिळणारी भर, ती पुढे सांगते) ‘सिव्हिअर डिसॅबिलिटी’चे, म्हणजे तीव्र अपंगत्वाचे, जादा पैसे मिळतात, आठवड्याला ८२.९०. मुलाने तिच्या नावावर केअरर्स अलाउन्स घेतला की आईचे हे ८२.९० बंद होतात. घरात एकीकडे ८३.३० आले, दुसरीकडे तेवढेच गेले, वर मुलाच्या पैशांवर टॅक्स. आधी हिशेब करा.

स्वतः पेन्शनर असलेल्या माणसाला केअरर्स अलाउन्स सहसा हातात पडत नाही, कारण स्टेट पेन्शन त्याहून जास्त असते आणि दोन्ही एकदम देत नाहीत. तरीही अर्ज करायचा असतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. ‘पात्र आहात, पण पैसे देता येत नाहीत’ असं उत्तर आलं की त्या उत्तराच्या जोरावर पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याला ४६.४० पौंड वाढतात. काकांना मी हे तीनदा समजावून सांगितलं.

पैशांखेरीज दोन हक्क आहेत. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) ‘केअरर्स असेसमेंट’ मागता येतं, म्हणजे सांभाळणाऱ्याला काय हवं ते विचारायची त्यांची जबाबदारी. आणि एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा सांभाळासाठी घेता येते.

निवृत्तीनंतर

स्टेट पेन्शनचं वय ६६ होतं. एप्रिल २०२६ ते एप्रिल २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ होणार आहे. ६ एप्रिल २०१६ नंतर त्या वयाला पोचलेल्यांना नवी स्टेट पेन्शन लागू होते. पूर्ण रक्कम आठवड्याला २३०.२५ पौंड. त्यासाठी नॅशनल इन्शुरन्सची साधारण ३५ वर्षं लागतात, आणि काही तरी मिळायला निदान दहा. चाळिशीत इथे आलेल्यांची वर्षं कमी पडतात. सरकारी संकेतस्थळावर आपला हिशेब आजच पाहून ठेवा, म्हणजे राहिलेली वर्षं भरून काढता येतात. साधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंतची भरता येतात.

आज्यांसाठी एक खास गोष्ट. मुलगी-सून नोकरीवर जातात आणि आजी नातवंडं सांभाळते. आजी पेन्शनच्या वयाआधीची असेल आणि नातवंड बारा वर्षांच्या आतलं असेल, तर चाइल्ड बेनिफिटमुळे (मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता) आईच्या नावावर पडणारं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट आजीच्या नावावर करता येतं. आई नोकरीत असते तेव्हा तिला त्याची गरज नसते, तिच्या पगारातून वर्ष भरतच असतं. एक फॉर्म, आणि आजीच्या पेन्शनमध्ये एक वर्ष वाढतं. हे २०११ पासून चालू आहे आणि अजून मला हे आधीच माहीत असलेली एकही मराठी आजी भेटलेली नाही.

पेन्शन कमी असेल तर पेन्शन क्रेडिट. एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला २२७.१० पर्यंत, जोडप्याचं ३४६.६० पर्यंत वर आणून देतात. इथे शिल्लक १६,००० च्या वर असली तरी दार बंद होत नाही. पहिले १०,००० धरत नाहीत, त्यापुढे दर ५०० मागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात. भारतातली पेन्शन आणि मालमत्ता इथेही सांगावी लागते. जोडप्यातला एकच जण पेन्शनच्या वयाचा असेल तर मे २०१९ पासून नव्याने पेन्शन क्रेडिट मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिटकडे जावं लागतं. आपल्याकडे नवरा-बायकोत वयाचं अंतर बरंच असतं, त्यामुळे हा नियम पुष्कळांना लागतो.

एक उदाहरण मांडते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा बाई, स्वतःच्या घरात एकटी, पेन्शन आठवड्याला १८०, बँकेत ९,०००. पेन्शन क्रेडिटने तिला ४७.१० मिळून २२७.१० होतील. आता तिला अटेंडन्स अलाउन्सचा खालचा दर मिळाला आणि तिच्या नावावर कोणी केअरर्स अलाउन्स घेत नाही, असं समजा. मग सिव्हिअर डिसॅबिलिटीचे ८२.९० धरून तिची पातळी ३१० होते. पेन्शन क्रेडिट ४७.१० ऐवजी १३०, आणि अटेंडन्स अलाउन्सचे ७३.९० वेगळे, ते उत्पन्नात धरत नाहीत. १८० वर असलेली बाई ३८३.९० वर गेली. म्हणूनच पेन्शन क्रेडिटला एकदा ‘उत्पन्न जास्त आहे’ असा नकार आला असेल, तरी अटेंडन्स अलाउन्स मिळाल्यावर पुन्हा अर्ज करा. मुलगा-सून बरोबर राहत असतील तर मात्र हे ८२.९० सहसा मिळत नाहीत.

पेन्शन क्रेडिट चालू झालं की त्याच्यामागून इतर गोष्टी येतात: काउन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा कर) सूट, भाड्याला मदत, पंचाहत्तरीनंतर टीव्ही लायसन्स फुकट. काउन्सिल टॅक्सची आणखी एक सवलत वेगळीच आहे, तिला उत्पन्नाशी देणंघेणं नाही. घरातल्या कोणाला डिमेन्शिया असेल, डॉक्टरचा दाखला असेल आणि अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता मिळण्याजोगी स्थिती असेल, तर तो माणूस टॅक्सच्या मोजणीतून वगळतात. एकटा राहत असेल तर पूर्ण माफी, आणखी एकच मोठं माणूस असेल तर पंचवीस टक्के सूट.

भारतात जाताना

थंडीत तीन महिने पुण्याला किंवा सांगलीला जायचं, ही आपल्या पेन्शनरांची रीत. तिकीट काढण्याआधी एवढं बघा. पेन्शन क्रेडिट फक्त चार आठवड्यांच्या प्रवासापर्यंत चालतं. जवळचं माणूस गेलं असेल तर आठ आठवडे, उपचारांसाठी गेलात तर २६. चार आठवड्यांपेक्षा जास्त राहायचं आधीच ठरलेलं असेल तर निघाल्या दिवसापासूनच बंद. युनिव्हर्सल क्रेडिट साधारण एक महिना. केअरर्स अलाउन्स २६ आठवड्यांत चार. अटेंडन्स अलाउन्स आणि पिप १३ आठवडे. अटेंडन्स अलाउन्स हॉस्पिटलात २८ दिवस झाल्यावरही थांबतो. यातलं काहीही कळवल्याशिवाय करू नका.

स्टेट पेन्शन भारतातही मिळते, पण कायमचं परतणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. भारतात राहायला गेल्यावर तिची वार्षिक वाढ थांबते. एप्रिल २०१६ मध्ये १५५.६५ पौंडांची पूर्ण पेन्शन घेऊन जो भारतात स्थायिक झाला, त्याला आजही १५५.६५ च मिळतात. त्याचाच इथला मित्र २०२५-२६ मध्ये २३०.२५ घेत होता. अमेरिकेत किंवा फिलिपाइन्समध्ये राहणाऱ्यांना वाढ मिळते, कारण त्या देशांशी तसा करार आहे. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी नाही. लोक युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये हरले. तीस-पस्तीस वर्षं सारखेच पैसे भरलेल्या माणसांशी असं वागणं मला अन्यायच वाटतो. पण आज नियम हा आहे, आणि परतायचा बेत या आकड्यांवर बसवावा लागतो.

व्हिसावर असाल तर

तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) असं असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट, पिप, अटेंडन्स अलाउन्स, केअरर्स अलाउन्स, पेन्शन क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट यांना हात लावू नका, पुढच्या व्हिसावर परिणाम होतो. पण याच भीतीने लोक हक्काचंही सोडतात. सिक पे, न्यू स्टाइल ईएसए, स्टेट पेन्शन हे या बंदीत येत नाहीत, कारण ते तुमच्या नोकरीवर आणि वर्गणीवर उभे आहेत. भारतातून आईवडिलांना कायमचं आणताना मुलांनी पाच वर्षांच्या पोषणाची लेखी हमी दिलेली असेल, तर तेवढा काळ पेन्शन क्रेडिटसारखे उत्पन्नाचे भत्ते आईवडिलांना मिळत नाहीत. अशा घरांनी कोणताही अर्ज करण्याआधी जाणकाराला विचारावंच.

नकार आला तर

पहिला नकार हा शेवटचा समजू नका. पत्राच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, त्याला ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ म्हणतात. तिथेही नाही म्हणाले तर आणखी एक महिन्यात ट्रायब्यूनलकडे अपील. ट्रायब्यूनल हे भत्ते देणाऱ्या सरकारी खात्यापासून वेगळं, स्वतंत्र न्यायाधीशांचं. सुनावणीपर्यंत पोचलेली पिपची निम्म्याहून जास्त अपिलं अर्जदाराच्या बाजूने लागतात. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दुभाषी मागा, पैसे पडत नाहीत. सिटिझन्स ॲडव्हाइस, एज यूके, केअरर्स यूके या सेवाभावी संस्थांची माणसं विनामूल्य मदत करतात. पैसे घेऊन ‘बेनिफिट मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

अटेंडन्स अलाउन्सचा फॉर्म हेल्पलाइनला फोन करून मागवला आणि सहा आठवड्यांत भरून पाठवला, तर पैसे फोन केल्या दिवसापासून धरतात. त्याच्या मागचे मात्र मिळत नाहीत. काकूंची चार वर्षं अशीच गेली.

त्या दिवशी आम्ही ‘नाही’ची खूण खोडली. खालच्या चौकटीत काकूंनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं: खांदे वर जात नाहीत, म्हणून कपड्यांचे हुक रोज सकाळी नवरा लावतो. त्याचे स्वतःचे हात थरथरतात, त्यामुळे वीस मिनिटं लागतात. तोपर्यंत मी पलंगाचा कठडा धरून उभी राहते. काकूंनी ते वाचून दाखवायला सांगितलं, चष्मा काढून पदराने पुसावा तसा कार्डिगनच्या टोकाने पुसला, आणि म्हणाल्या, “आता रात्रीचंही लिही.”